काल चालू केलेलं फीचर आज गायब: विंडोज इन्सायडर बिल्डवरची नेहमीची अडचण

बिल्ड उतरला, लॅपटॉप रीस्टार्ट झाला, आणि गेल्या आठवड्यात हौसेनं चालू केलेलं फीचर जागेवर नाही. विंडोजचे प्रिव्ह्यू बिल्ड, म्हणजे सगळ्यांना मिळण्याआधी चाचणीसाठी दिलेल्या आवृत्त्या, वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं, आणि पुन्हा पुन्हा भेटतं. तक्रारीची रूपं मात्र वेगवेगळी असतात. कुणी म्हणतं, "घोषणेतला बिल्ड क्रमांक आणि माझा क्रमांक तोच आहे, तरी फीचर दिसत नाही." लपलेली फीचर्स चालू करायचं विव्हटूल हे साधन वापरणारा कुणी म्हणतो, "विव्हटूलनं यशस्वी झाल्याचं सांगितलं, पण काहीच बदललं नाही." तिसऱ्याचं फीचर चार दिवस छान चालतं आणि पाचव्या दिवशी आपोआप बंद होतं. चौथ्याचा टास्कबार सारखा दिसेनासा होऊन परत येतो आणि त्याला काम करता येत नाही.

ही चारही दुखणी एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून एकत्र लिहितोय. एक सूचना आधीच. आज्ञांचे शब्द आणि क्रमांक इथे देवनागरीत आहेत. कमांड प्रॉम्प्टमध्ये ते रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचे.

फीचर घरात आहे, पण कुलपात आहे

आपला समज असा असतो की नवा बिल्ड आला म्हणजे नवं फीचर आलं. विंडोजमध्ये तसं होत नाही. फीचरचा कोड बिल्डमध्ये कित्येक महिने आधी येऊन पडलेला असतो. त्याच्यावर एक फ्लॅग, म्हणजे चालू-बंदची खूण असते, आणि त्या फ्लॅगला एक आकडी ओळख असते. तिलाच आपण आयडी म्हणतो. फ्लॅग बंद असेल तर कोड असूनही फीचर दिसत नाही.

फाइल एक्सप्लोररमधल्या टॅबचं उदाहरण घ्या. मार्च २०२२ मध्ये डेव्ह चॅनेलच्या (प्रिव्ह्यू बिल्ड मिळण्याच्या मार्गांपैकी एक) २२५७२ बिल्डमध्ये टॅब लपलेल्या अवस्थेत सापडले. मायक्रोसॉफ्टनं ते इन्सायडरांना, म्हणजे प्रिव्ह्यू बिल्ड घेणाऱ्यांना, अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली जून २०२२ मध्ये, २५१३६ बिल्डपासून, आणि तेही टप्प्याटप्प्यानं. विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती २० सप्टेंबर २०२२ ला आली, तेव्हाही टॅब सगळ्यांना दिसत नव्हते. ते ऑक्टोबरच्या अपडेटपासून दिसू लागले. म्हणजे सात महिने काही लोकांसाठी कुलूप उघडं होतं आणि बाकीच्यांसाठी बंद.

हे कुलूप उघडण्याच्या पद्धतीला कंट्रोल्ड फीचर रोलआउट म्हणतात. आधी थोड्या मशीनवर फीचर चालू करायचं, बिघाड होतोय का ते पाहायचं, मग संख्या वाढवायची. जुलै २०२२ मध्ये बीटा चॅनेलवर तर एकाच वेळी दोन क्रमांक दिले जात होते. २२६२२ वर नवी फीचर्स चालू आणि २२६२१ वर तीच फीचर्स बंद. शेजारी शेजारी बसलेल्या दोन मित्रांच्या स्क्रीनमध्ये फरक दिसायचा आणि दोघांनाही आपलंच मशीन बिघडलंय असं वाटायचं.

म्हणून फीचर दिसत नसेल तर मी आधी तीन प्रश्न विचारतो. कोड आलाय का? फ्लॅग उघडलाय का? फ्लॅग उघडूनही फीचरला लागणारी दुसरी एखादी गोष्ट कमी आहे का? पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवती आहे.

"बिल्ड तोच, पण फीचर नाही"

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, विनव्हर टाइप करा, एंटर करा. खिडकीत आवृत्ती आणि पूर्ण बिल्ड क्रमांक दिसतो. नुसता मुख्य आकडा जुळवू नका, पॉइंटनंतरचा आकडाही जुळवा. २६१२० सारखा मुख्य आकडा अनेकांचा तोच असतो. फरक पॉइंटच्या पुढच्या आकड्यांत असतो. डेव्ह आणि कॅनरीच्या बिल्डवर याच खिडकीत मुदत संपण्याची तारीखही दिसते, तीही वाचून ठेवा.

मग चॅनेल तपासा. इन्सायडर प्रोग्राम २०१४ च्या ऑक्टोबरात विंडोज १० च्या पहिल्या प्रिव्ह्यूबरोबर सुरू झाला, तेव्हा चॅनेलऐवजी फास्ट आणि स्लो अशा रिंग होत्या. २०२० च्या जूनमध्ये डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू ही चॅनेलं आली आणि मार्च २०२३ मध्ये कॅनरी. हा इतिहास एका कारणासाठी सांगतोय. कॅनरी आलं तेव्हा डेव्हमधल्या २५००० मालिकेच्या मशीन्स कॅनरीत हलवल्या गेल्या आणि डेव्ह नव्यानं २३००० पासून सुरू झालं. आजही अनेक जण २०२२ चा एखादा लेख वाचून "डेव्हवर हे मिळतं" असं धरून चालतात. त्या वेळचं डेव्ह आणि नंतरचं डेव्ह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यानंतर सेटिंग्जमधलं विंडोज अपडेटचं पान उघडा. अपडेट उपलब्ध होताच मिळवण्याचा एक स्विच तिथे आहे. तो बंद असेल तर टप्प्याटप्प्यानं येणारी फीचर्स तुमच्याकडे उशिरा पोचतात. प्रयोग करायलाच प्रिव्ह्यू घेतला असेल तर हा स्विच चालू असायला हवा. पुष्कळदा अडचण इथेच सुटते आणि बाहेरच्या साधनाची गरजच पडत नाही.

गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये पर्यायी डायग्नॉस्टिक डेटा पाठवणं बंद केलं असेल तर इन्सायडर बिल्ड येणंच थांबतं. "दोन महिने नवीन बिल्डच नाही" म्हणणाऱ्यांनी आधी हे पाहावं. डेटा पाठवायचा नसेल तर तो तुमचा हक्क आहे, पण मग प्रिव्ह्यू बिल्ड मिळणार नाहीत, हा सौदा स्पष्ट आहे.

आता तिसरा प्रश्न. नोटपॅड, पेंट, स्निपिंग टूल यांची नवी फीचर्स बहुतेक वेळा बिल्डबरोबर येतच नाहीत. ती स्टोअरमधून ॲपच्या अपडेटनं येतात. बिल्ड नवा आणि नोटपॅड जुना असं असेल तर कितीही रीस्टार्ट केलं तरी उपयोग नाही. स्टोअर उघडून लायब्ररीतली सगळी अपडेटं घ्या. रिकॉलसारख्या (स्क्रीनवर आधी पाहिलेलं शोधून देणाऱ्या) फीचरला कोपायलट प्लस पीसी लागतो, म्हणजे ४० टॉप्सच्या (वेगाचं माप) वरचा एनपीयू (एआयची कामं करणारी चिप), किमान १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज. शिवाय डिव्हाइस एन्क्रिप्शन आणि विंडोज हॅलो चालू हवं. पाच वर्षांपूर्वीच्या आय-फाइव्ह लॅपटॉपवर आयडी उघडून हे चालू करण्यात रात्र घालवू नका. फ्लॅगनं कुलूप उघडतं, हार्डवेअर येत नाही.

"यशस्वी" म्हणालं, पण बदललं काहीच नाही

विव्हटूल हे गिटहबवर मुक्त मिळणारं छोटं साधन आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, झिप उघडून फोल्डरमधून चालवायचं. ते फक्त त्याच्या मूळ प्रकल्पाच्या पानावरून घ्या. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या साधनाची प्रत भलत्याच डाउनलोड साइटवरून आणणं म्हणजे घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हातात देणं. स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपसाठी त्याची झिप वेगळी आहे, हे पाहून घ्या.

वापर सोपा आहे. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा, विव्हटूलच्या फोल्डरमध्ये जायचं आणि विव्हटूल, मग स्लॅश एनेबल, मग स्लॅश आयडी, कोलन आणि क्रमांक. बंद करायला एनेबलच्या जागी डिसेबल. मूळ अवस्थेत न्यायला रीसेट. डिसेबल आणि रीसेट एक नव्हेत, हे इथेच ध्यानात घ्या. डिसेबलनं तुम्ही त्या फीचरला जबरदस्तीनं बंद ठेवता, रीसेटनं तुमची ढवळाढवळ काढून घेता आणि विंडोजला त्याचं ठरवू देता. डिसेबल करून विसरलेलं फीचर पुढे सगळ्यांना मिळतं आणि आपल्यालाच मिळत नाही, हे मी दोन ओळखीच्यांच्या मशीनवर पाहिलंय.

"यशस्वी" या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्या. विव्हटूल त्या क्रमांकासाठी एक नोंद लिहितं आणि नोंद लिहिली गेली एवढंच सांगतं. त्या क्रमांकाचं फीचर तुमच्या बिल्डमध्ये आहे का, हे ते पाहत नाही. मनानं रचलेला आकडा दिला तरी उत्तर तेच येईल. त्यामुळे जुन्या लेखातला क्रमांक जशाच्या तसा चालेल असं समजू नका. फीचर सगळ्यांना दिलं गेलं की पुढे त्याचा फ्लॅग कोडमधून काढला जाऊ शकतो. कधी फीचर नव्यानं लिहिलं जातं आणि क्रमांक बदलतो. कधी ते सोडूनच दिलं जातं. २०१७ च्या डिसेंबरमध्ये इन्सायडर बिल्डमध्ये आलेलं सेट्स आठवतं का? वेगवेगळी ॲप्स एकाच खिडकीत टॅबसारखी मांडायची कल्पना होती. मला ती मनापासून आवडली होती. ती आम जनतेच्या विंडोजमध्ये कधी आलीच नाही.

आणखी एक कारण म्हणजे जोडीचे आयडी. मोठं फीचर एका फ्लॅगवर क्वचितच उभं असतं. २२एच२ वर फाइल एक्सप्लोररचे टॅब उघडायला ३७६३४३८५ आणि ३६३५४४८९ असे दोन क्रमांक सांगितले जात. पहिलाच टाकून दुसरा विसरलात तर फीचर दिसणार नाही किंवा अर्धवट दिसेल. लेखात क्रमांक किती दिलेत ते मोजा आणि लेख कोणत्या बिल्डसाठी आहे तेही वाचा.

तपासायचं असेल तर विव्हटूलला स्लॅश क्वेरी आणि आयडी द्या. अवस्था चालू, बंद की मूळ, ते कळतं. त्यासोबत प्रायॉरिटी नावाची ओळही असते. पुढच्या अडचणीचं उत्तर तिच्यातच आहे.

चार दिवस चाललं आणि बंद पडलं

एकाच फीचरबद्दल अनेक ठिकाणांहून नोंदी येऊ शकतात. बिल्डची स्वतःची मूळ नोंद असते, रोलआउटच्या सेवेकडून आलेली असते, तुम्ही लिहिलेली असते. दोन नोंदी भांडायला लागल्या की कुणाचं ऐकायचं हे प्रायॉरिटी ठरवते. सर्व्हिस या पायरीचा आकडा ४, तर यूझर या पायरीचा ८. यूझर वर आहे.

विव्हटूलच्या जुन्या आवृत्त्यांत, जिथे ॲडकॉन्फिग आणि मागे २ असं लिहायचो, नोंद सर्व्हिसच्या पायरीवर जायची. रोलआउटची सेवाही तिथेच लिहिते. मशीन इंटरनेटला जोडलं गेलं, सेवेनं आपली नोंद आणली आणि तुमची नोंद पुसली गेली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की फीचर आपोआप बंद पडलं. ०.३ पासूनच्या आवृत्त्या यूझरच्या पायरीवर लिहितात, आणि जुन्या नोंदी वर हलवायला त्यात स्लॅश फिक्सप्रायॉरिटी दिलं आहे. क्वेरीत तुमच्या आयडीसमोर सर्व्हिस दिसत असेल तर नवी आवृत्ती आणा, हे एकदा चालवा आणि रीस्टार्ट करा.

दुसरी शक्यता रीस्टार्टशी जोडलेली आहे. नोंदी दोन ठिकाणी राहतात, चालू सत्रात आणि बूटमध्ये. विव्हटूल आपणहून दोन्हीकडे लिहितं. पण एखाद्या लेखातली आज्ञा जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात स्टोअर म्हणून फक्त रनटाइम, म्हणजे चालू सत्र, असेल, तर रीस्टार्टनंतर नोंद उरणारच नाही. आज्ञेतला तो भाग काढून टाका.

तिसरी शक्यता म्हणजे विंडोजचीच मागे फिरायची व्यवस्था. फीचरच्या नोंदींची शेवटची नीट चाललेली अवस्था (लास्ट नोन गुड, म्हणजे एलकेजी) विंडोज जपून ठेवतं. विव्हटूलच्या जुन्या आवृत्त्यांमुळे ती माहिती बिघडत असे. स्लॅश एलकेजीस्टेटस दिलं की तिची प्रकृती कळते आणि बिघाड दाखवला तर स्लॅश फिक्सएलकेजी. याची गरज क्वचितच पडते, पण तीन-तीनदा चालू करूनही फीचर टिकत नसेल तर इथे पाहायला हवं.

टास्कबार स्थिर राहत नाही तेव्हा

हा भाग थोडा सविस्तर लिहितो, कारण इथे माणूस घाबरतो आणि घाबरून विंडोज पुसून टाकतो.

२०२३ च्या पावसाळ्यात मी एका रात्री सात आयडी एकदम चालू केले होते. तेव्हा घरात तो एकच लॅपटॉप होता. पुढचा बिल्ड उतरल्यावर टास्कबार दोन सेकंद दिसायचा, नाहीसा व्हायचा, परत यायचा. सकाळी बहिणीला परीक्षेचा अर्ज त्याच लॅपटॉपवरून भरायचा होता, शेवटची तारीख होती. सातपैकी कोणता आयडी नडतोय हे मला सांगता येत नव्हतं, कारण मी ते कुठे लिहूनच ठेवले नव्हते. घाई माझी होती आणि तिची किंमत बहिणीला मोजावी लागणार होती, हे मला फार लागलं. रात्री दीडच्या सुमारास लॅपटॉप मार्गावर आला. दुसऱ्या दिवशी शांतपणे एकेक करून पाहिलं तेव्हा कळलं की एका आयडीच्या जोडीचा दुसरा मी चालू केलाच नव्हता. जुन्या बिल्डवर ते खपलं होतं, नव्यावर नाही.

त्या रात्री जे केलं तेच आजही करतो. टास्कबार आणि डेस्कटॉप दोन्ही एक्सप्लोरर नावाच्या प्रोसेसवर चालतात. ती पडली तरी बाकीचं विंडोज चालूच असतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात नवीन टास्क चालवायचा पर्याय निवडा, सीएमडी लिहा, खालच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या चौकटीत टिक करा. उघडलेल्या काळ्या खिडकीतून विव्हटूलच्या फोल्डरमध्ये जा. शेवटी कोणता आयडी चालू केला ते माहीत असेल तर फक्त तो रीसेट करा आणि रीस्टार्ट करा. माहीत नसेल तर स्लॅश फुलरीसेट. यानं तुमच्या सगळ्या नोंदी जातात, म्हणून आधी स्लॅश एक्सपोर्ट करून फाइल ठेवून द्या.

लॉगिनच होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरत रीस्टार्ट करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स. तिथे शेवटचं अपडेट काढण्याचा आणि सिस्टम रिस्टोअरचा पर्याय असतो. इथे बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात असेल तर फोनवरून पाहता येते. नसेल आणि कुठे लिहिलेलीही नसेल, तर ड्राइव्हवरच्या फायली परत मिळणं अशक्य आहे. म्हणून प्रिव्ह्यूला हात लावायच्या आधी ती की कागदावर लिहून कपाटात ठेवा. हे काम दहा मिनिटांचंही नाही.

नडणारा आयडी शोधायचा असेल तर एक्सपोर्टमधले निम्मे चालू करा, रीस्टार्ट करून पाहा. बिघाड आला तर तो त्या निम्म्यात, नाही तर उरलेल्यांत. पुन्हा निम्मे. सात आयडी असले तरी तीन रीस्टार्टमध्ये उत्तर मिळतं. जोडीचे आयडी मात्र एकत्रच ठेवा, नाहीतर माझ्यासारखं चकाल.

आता मी एका वेळी एकच फीचर चालू करतो, निदान दोन दिवस वापरतो, मग दुसरं. वहीत तारीख, पूर्ण बिल्ड क्रमांक, आयडी आणि काय बदललं एवढं लिहितो. मोठा बिल्ड यायच्या आधी सगळे रीसेट करतो, बिल्ड उतरल्यावर वही पाहून हवे तेवढेच परत चालू करतो. प्रत्येक फीचरनंतर पहिली चाचणी मराठी टायपिंगची. विंडोजचा मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे अपडेटपासून सोबतच येतो, आणि माझं रोजचं काम त्याच्यावर चालतं. नोटपॅड आणि ब्राउझर दोन्हीकडे "ज्ञानेश्वर", "कृष्णा", "ऱ्हास" असे शब्द लिहून पाहतो. चुकलं तर विंडोज आणि एफ दाबून फीडबॅक हबवर कळवतो. देवनागरीतला बिघाड देवनागरी वापरणाऱ्यानंच कळवायला हवा, तो दुसऱ्या कुणाला सहज दिसणार नाही.

मागे फिरायचं असेल तर

पूर्ण नवा बिल्ड बसल्यानंतर जुन्यावर परतायला साधारण १० दिवस मिळतात. सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी, गो बॅक. विंडोजमधल्या डीआयएसएम या साधनाच्या आज्ञेनं ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ती पहिल्या १० दिवसांतच वाढवावी लागते. जागा हवी म्हणून विंडोज डॉट ओल्ड हे फोल्डर साफ केलं तर हा रस्ता बंद. बिल्ड जर महिन्याच्या अपडेटसारखा आला असेल, म्हणजे मुख्य क्रमांक तोच आणि फक्त पॉइंटनंतरचा बदलला, तर गो बॅक लागू नाही. अपडेट हिस्टरीतून ते अपडेट काढून पाहा.

गावाकडच्यांसाठी एक गोष्ट. पूर्ण बिल्ड काही जीबींचा असतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर ते नेटवर्क मीटर्ड, म्हणजे मोजक्या डेटाचं, म्हणून नोंदवा, नाहीतर दिवसाचा डेटा एका दमात संपेल. आणि बिल्ड बसताना वीज जाणार असेल तर डेस्कटॉपवर हे काम इन्व्हर्टरशिवाय करू नका.

बीटा किंवा रिलीज प्रिव्ह्यूवर असाल तर इन्सायडरच्या पानावर पुढची आवृत्ती सगळ्यांसाठी आली की बाहेर पडायचा स्विच असतो. तो लावून ठेवला की डेटा न जाता बाहेर पडता येतं. कॅनरीतून खाली उतरायला मात्र विंडोज नव्यानं टाकावं लागतं, डेव्हवरही बहुधा तेच. त्यासाठी ८ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि दुसऱ्या एखाद्या मशीनवर मीडिया क्रिएशन टूल लागतं. हा पेन ड्राइव्ह कॅनरीत शिरायच्या आदल्या दिवशीच तयार करून ठेवा.